पट मोजतात ३० सप्टेंबरला, पोरं फडावर जातात दसऱ्यानंतर

दसरा झाला की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागायला सुरुवात होते. भांडी, अंथरूण, पिठाचा डबा, शेळी, कोंबड्या आणि वर लेकरं. दिवाळी कुणाची घरी होते, कुणाची रस्त्यात. कारखान्याचा बॉयलर कधी पेटणार यावर ते ठरतं. दिवाळीची सुट्टी संपवून शाळा पुन्हा भरते तेव्हा कित्येक वर्गांत निम्मी बाकं रिकामी असतात. हे दृश्य जिल्ह्याला नवं नाही. दरवर्षीची बातमी म्हणून ते छापून येतं आणि आठवड्यात विसरलं जातं.

पण यंदा या प्रश्नाकडं जरा वेगळ्या बाजूनं बघायला हवं. ऊसतोड मजुरांची मुलं शाळेत मागं का पडतात, याचं नेहमीचं उत्तर 'गरिबी' आणि 'पालकांची अनास्था' असं असतं. गरिबी आहेच. अनास्थेचं मात्र खरं नाही. कोयत्यावर जाणाऱ्या आई-बापाला पोरगं शिकावं असं इतर कुणाहूनही जास्त वाटतं, कारण कोयता काय असतो ते त्यांना माहीत असतं. खरी अडचण दोन दिनदर्शिकांची आहे. शाळेचं वर्ष जूनच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. दुसरं वर्ष पहिल्याच्या बरोबर मध्यात घुसतं. आणि शासनाची मोजणी नेमकी अशा तारखेला होते की हा खड्डा कागदावर दिसतच नाही.

ती तारीख म्हणजे ३० सप्टेंबर. या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. त्या दिवशी टोळ्या गावातच असतात. मुलं वर्गात असतात, पट भरलेला असतो, सगळं खरं असतं. त्यात लबाडी काही नाही. पुढच्या चार-सहा आठवड्यांत हा पट गाडीत बसून निघून जातो, पण तो आता वर्षभरासाठी कागदावर पक्का झालेला असतो.

अर्ध्या वर्षाचं गणित

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे असं घातलं आहे. जूनच्या मध्यापासून दसरा-दिवाळीपर्यंत सणवार, रविवार वजा जाता हातात ९० ते १०० दिवस पडतात. म्हणजे फडावर जाणाऱ्या मुलाला एका वर्षात अर्धीच शाळा मिळते. पाचवी संपेपर्यंत त्याच्या वाट्याला आलेली शाळा अडीच वर्षांची. दाखल्यावर मात्र 'पाचवी उत्तीर्ण'.

हा अर्धा भाग तरी सारखा असता तर एक वेळ चाललं असतं. पहिल्या सत्रात मागच्या वर्षाची उजळणी असते, अक्षरओळख असते, गाणी-गोष्टी असतात. वाचनाची गाडी रुळावर येते ती दुसऱ्या सत्रात. जोडाक्षरं पक्की होणं, हातच्याची वजाबाकी, पाढे, मग भागाकार, अपूर्णांक, हे सगळं रोजच्या सरावावर उभं असतं. हे पोर दरवर्षी जूनमध्ये सुरुवात शिकतं आणि दरवर्षी नोव्हेंबरात मधला भाग सोडून जातं. त्यामुळं तिसरी-चौथीतलं एखादं मूल बाराखडी घडाघडा म्हणतं, पण चार ओळींचा उतारा समोर ठेवला की अडखळतं. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. मुलाला 'मंद' म्हणून मोकळं होणं सोपं असतं, पण त्याच मुलाला फडावरच्या गाडीत किती टन बसला, किती खेपा झाल्या, याचा हिशेब तोंडी येतो.

युनेस्कोच्या २०१९ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा विषयच स्थलांतर आणि शिक्षण हा होता. त्यात भारताबद्दल एक आकडा आहे. २०१३ मध्ये हंगामी स्थलांतर करणाऱ्या ग्रामीण घरांत ६ ते १४ वयाची १ कोटी ७ लाख मुलं राहत होती. अशा घरांतल्या १५ ते १९ वयाच्या तरुणांपैकी २८ टक्के एकतर निरक्षर होते किंवा त्यांचं प्राथमिक शिक्षण पूर्ण झालेलं नव्हतं. एकूण त्या वयोगटात हेच प्रमाण १८ टक्के होतं. हा देशाचा आकडा आहे, त्यात वीटभट्टीवाले, बांधकामवाले, मीठागरवाले सगळे आले. आपल्या डोंगरपट्ट्यात चित्र काय असेल त्याचा अंदाज बांधायला तेवढा पुरे.

स्थलांतर म्हटलं की मूल मागं पडणारच, असंही नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाई व्यवसायातली माणसं तामिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत सोनं-चांदी गाळायला गेली, तिथं बिऱ्हाड थाटून राहिली. त्यांची पोरं तिथल्या शाळेत गेली, तिथली भाषा शिकली आणि पुढं गेली. तिथं घर एकदा हललं आणि मग थांबलं. कोयत्याचं घर दरवर्षी दोनदा हलतं. शाळा बदलण्यानं जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त नुकसान शाळा धड न सुटण्यानं आणि धड न लागण्यानं होतं.

दोन शाळा, दोन्हीकडं नाव, दोन्हीकडं गैरहजर

कायदा या मुलांच्या बाजूनं आहे, हे आधी सांगायला हवं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याचं कलम ९ स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत घेण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकतं. कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. कलम ४ प्रमाणं मुलाला वयानुसार वर्ग द्यायचा आणि तो मागं असेल तर विशेष शिकवणी द्यायची. त्याच्या जोडीला राज्यात शिक्षण हमी पत्रक आलं. मूल गावातून निघताना त्याच्या हातात हा कागद द्यायचा, त्यावर त्याची इयत्ता आणि प्रगती लिहायची, म्हणजे कारखान्याकडच्या शाळेनं विनातक्रार बसवून घ्यावं. कागदावर यात काही कमी नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. गावाकडच्या शाळेला मुलाचं नाव सोडायचं नसतं, कारण पट घटला की पद घटतं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या नव्या निकषांनी ही भीती वाढवलीच आहे. वीस-बावीस पटाच्या तांड्यावरच्या शाळेत पाच-सात नावं कमी झाली तर दुसरा शिक्षक जातो. मग उरलेल्यांचंही नुकसान. त्यामुळं मुख्याध्यापक नाव पटावर ठेवतात, आणि त्यांच्या जागी कुणीही असतं तर तेच केलं असतं.

तिकडं सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडच्या शाळेत हे मूल गेलंच तर त्या मुख्याध्यापकापुढं दुसराच प्रश्न असतो. मुलाची ऑनलाइन नोंद मूळ शाळेत अडकलेली. म्हणजे ते वर्गात बसेल, खिचडी खाईल, पण या शाळेच्या पटात मोजलं जाणार नाही. त्याच्यासाठी शिक्षक वाढणार नाही. वाचन चाचणीत मात्र वर्गाची सरासरी खाली ओढेल, आणि मार्चमध्ये एके दिवशी न सांगता निघून जाईल. अशा पाहुण्याला कोण जीव लावून शिकवणार? तरीही शिकवणारे आहेत. २०१७ पासून राज्यात बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक कोप्यांवर जाऊन पोरं गोळा करतात, गावाकडच्या गुरुजींना फोन लावून ते कुठपर्यंत शिकलंय ते विचारतात. पण हे त्यांच्या जिवावर चालतं. यंत्रणा म्हणून त्यामागं फार थोडं आहे.

त्यात तळ एका जागी नसतो हीही गोष्ट आहे. बैलगाडीवाल्यांचा तळ कारखान्याच्या जवळ, सगळा हंगाम एकाच मैदानावर पडायचा. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेनं आणि इतरांनी चालवलेल्या साखरशाळा याच तळांवर उभ्या राहिल्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर अनौपचारिक शाळेपेक्षा जवळच्या नियमित शाळेत घाला, असं धोरण झालं आणि साखरशाळा मागं पडल्या. तत्त्व म्हणून ते बरोबर होतं. पण ट्रॅक्टरवर ऊस भरणाऱ्या टोळ्या फड संपेल तसं गाव बदलतात. आज या शिवारात, पंधरा दिवसांनी पलीकडच्या. नियमित शाळा त्यांच्या मागं फिरू शकत नाही. साखरशाळा गेली आणि तिच्या जागी जे यायचं होतं ते पुरतं आलं नाही.

कर्नाटकात बेळगाव, बागलकोटकडं जाणाऱ्या टोळ्यांच्या मुलांचा तर विषयच वेगळा. तिथल्या बहुतेक शाळा कन्नड. खानदेशातून दक्षिण गुजरातच्या कारखान्यांवर जाणाऱ्यांच्या पोरांपुढं गुजराती. लमाण तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं, शाळेत मराठी शिकतं आणि हंगामात कन्नड पाटीखाली उभं राहतं. तीन भाषांच्या या कसरतीला कुणी गुण देत नाही. केरळात एर्नाकुलम जिल्हा प्रशासनानं २०१७ मध्ये 'रोशनी' नावानं एक साधा उपाय केला. परप्रांतीय मजुरांच्या मुलांसाठी शाळा भरण्याआधी दीड तास वर्ग, शिकवणाऱ्याला मुलाची भाषा आणि मल्याळम दोन्ही येणारी, आणि सोबत नाश्ता. बंगाली, उडिया, हिंदी बोलणारी मुलं त्यातून शाळेत टिकली. ते मजूर तिथं वर्षभर राहतात, हा फरक ध्यानात ठेवायला हवा. पण सकाळचा नाश्ता आणि ओळखीच्या भाषेत बोलणारं माणूस, एवढ्या दोन गोष्टींत किती मोठा अडथळा सुटतो ते तिथं दिसलं.

वसतिगृह उघडेपर्यंत गाडी गेलेली असते

मुलाला गावातच ठेवायचं, हा दुसरा मार्ग. त्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. नाव वसतिगृहाचं असलं तरी बहुतेक ठिकाणी मूल आजी-आजोबांकडं झोपतं आणि शाळेत त्याला सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं. शाळा व्यवस्थापन समिती ते चालवते. कल्पना चांगली आहे, कारण त्यात मुलाची शाळा बदलत नाही, शिक्षक बदलत नाही, दुसरं सत्र बुडत नाही. ज्या गावांत ते नीट चालतं तिथं मुलांचं वाचन इतरांच्या बरोबरीनं येतं, हे शिक्षक सांगतात आणि वर्गात बसून बघताही येतं.

घोडं अडतं वेळेवर. समितीचा ठराव, सर्वेक्षण, प्रस्ताव, गटशिक्षणाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, मंजुरी. ही साखळी बऱ्याच वर्षी नोव्हेंबर संपत आला तरी संपत नाही. मजुराला मात्र दसऱ्यालाच ठरवावं लागतं की पोर ठेवायचं की न्यायचं. आजीला दिसत नाही, आजोबा दम्याचे. जेवण मिळणार की नाही याची खात्री नाही. मग पोर गाडीत चढतं. डिसेंबरात वसतिगृह सुरू होतं तेव्हा जी मुलं तशीही गावात राहणार होती तीच जेवतात. बाकीच्यांची नावं कुठं कुठं तशीच लिहिली जातात आणि मग बोगस उपस्थितीच्या तक्रारी होतात. तक्रारी झाल्या की पुढच्या वर्षी तपासणी वाढते, तपासणी वाढली की मंजुरी आणखी लांबते. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीनंतर पटाबद्दल प्रशासनाचा संशय गेलेला नाही, आणि तो संशय अगदीच अनाठायी होता असंही म्हणता येत नाही. पण त्याची किंमत ज्याला खरंच ताट हवं होतं त्याच्या खिशातून जाते.

संत भगवान बाबा शासकीय वसतिगृह योजना हा मोठा निर्णय. २०२१ मध्ये राज्यानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केली. प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं, एक मुलींचं, प्रत्येकी १०० जागा. सगळी पूर्ण क्षमतेनं भरली तरी जागा होतात ८,२००. ऊसतोड मजुरांच्या संख्येचे अंदाज ८ लाखांपासून १४-१५ लाखांपर्यंत जातात. कुठलाही अंदाज धरला तरी ताट आणि पंगत यांचा मेळ बसत नाही. त्यामुळं गावातलं हंगामी वसतिगृह, ज्याची बातमी कधी होत नाही, तेच अजून मोठा आधार आहे.

पोरीचं काय

मुलगा आजीपाशी राहतो. दहा-बारा वर्षांची मुलगी बहुतेक वेळा राहत नाही. तिला मागं कुणाच्या भरोशावर ठेवायचं, या आईच्या प्रश्नाला शासनाच्या कुठल्याच पत्रकात उत्तर नाही. फक्त जेवण देणारं वसतिगृह तिला रात्रीची सुरक्षितता देत नाही. शिवाय फडावर तिची गरज असते. पहाटे तीन-चारला आई-बाप कोयता घेऊन निघतात. कोपीत धाकटं झोपलेलं असतं, चूल असते, पाणी भरायचं असतं. मोठी झाली की मोळ्या बांधायच्या, वाढे गोळा करून विकायचे. घेतलेली उचल फेडायची तर घरातला एकही हात मोकळा राहून चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला ३६६ रुपये झाले. जोडीनं मिळून दिवसाला दोन टन तोडला तरी हाती किती येतं ते ज्याचं त्यानं मांडावं. त्यातून मुकादमाची फेड वजा करावी.

मग तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्नाचा विषय निघतो. जबाबदारी उतरते, आणि नवऱ्याच्या घरी एक नवा कोयता तयार होतो. कोयता म्हणजे जोडी, उचल जोडीला मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यात २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित मिळून सगळ्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न १८ व्या वर्षाआधी झालेलं होतं. बीड जिल्ह्यात हेच प्रमाण ४३.७ टक्के होतं. राज्याच्या दुप्पट. शिक्षण विभाग याला महिला-बालकल्याणचा विषय समजतो. पण मुलगी सातवीत शाळेतून कमी होते तेव्हा तिचं कारण त्याच हंगामात असतं.

आता पाचवीचा उंबरा

आजवर या सगळ्यावर एक पांघरूण होतं. आठवीपर्यंत नापास नाही. मूल एप्रिलमध्ये परत आलं, परीक्षेला बसलं, वर गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यानं नियम बदलला. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर जूनमध्ये पुनर्परीक्षा, तिथंही राहिलं तर त्याच वर्गात. नापास न करण्याचं धोरण सगळ्यांना आवडत नव्हतं, आणि न शिकता पुढं ढकलण्यात मुलाचं भलं नव्हतंच. पण अडीच वर्षांची शाळा मिळालेल्या मुलाला पाच वर्षांची परीक्षा लावायची, तर मधल्या अडीच वर्षांची सोय आधी करायला हवी होती. ती केली नाही. अकरा वर्षांचं पोरगं पाचवीत दुसऱ्यांदा बसलं की पुढच्या दसऱ्याला ते गाडीत चढणार आणि मग पुन्हा दप्तराकडं वळून बघणार नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

२०२५ पासून पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं एप्रिलमध्ये होऊ लागल्या. याचा एक फायदा या मुलांना होऊ शकतो. पूर्वी काही शाळा एप्रिलच्या सुरुवातीलाच परीक्षा उरकायच्या आणि टोळ्या यायच्या आत वर्ष संपायचं. आता मार्चअखेर परतलेल्या मुलाला दोन-चार आठवडे मिळतात. पण हेही उसावर अवलंबून. २०२१-२२ ला ऊस इतका झाला की काही कारखाने जूनपर्यंत चालले, त्या वर्षी परीक्षाच काय, नवीन वर्षाची घंटाही फडावरच वाजली. २०२४-२५ ला ऊस कमी, बऱ्याच कारखान्यांचे पट्टे फेब्रुवारी-मार्चमध्येच पडले, पोरं लवकर घरी आली. पाऊस चांगला झाला की मुलाचं वर्ष वाईट जातं, असा हा उलटा हिशेब.

या सगळ्यात लगेच होण्यासारखं काय आहे, तर वसतिगृहाच्या मंजुरीची तारीख. कुठलं गाव किती कोयते पाठवतं हे ग्रामसेवकाला, शिक्षकाला, मुकादमाला उन्हाळ्यातच माहीत असतं, कारण उचल तेव्हाच वाटली जाते. म्हणजे सर्वेक्षण जुलैमध्ये होऊ शकतं, ठराव १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत होऊ शकतो, मंजुरी घटस्थापनेआधी येऊ शकते. यासाठी नवा कायदा नको, नवा निधीही नको, आहे तोच दोन महिने आधी हलायला हवा. दुसरी गोष्ट पटाची. ३० सप्टेंबरसोबत जानेवारीतलीही एक मोजणी धरली, आणि ज्या शाळेनं बाहेरचं मूल हंगामभर बसवून घेतलं तिला त्याचं श्रेय संचमान्यतेत दिलं, तर कारखान्याकडचा मुख्याध्यापक दारात उभ्या पोराकडं ओझं म्हणून बघणार नाही. गावाकडच्या शाळेचं पद त्यामुळं जाणार नाही, एवढी हमी मात्र त्याच आदेशात लिहून द्यावी लागेल. नाहीतर पहिला विरोध तिथूनच येईल, आणि तो रास्त असेल.

शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठका दर महिन्याला व्हायच्या असतात. वसतिगृहाचा प्रस्ताव आपल्या गावातून गेला का, गेला असेल तर कोणत्या तारखेला, आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयात तो कुठं थांबला आहे, हे पालकांना या बैठकीत लेखी विचारता येतं. टोळी निघायच्या आधी.